पोरकी पिशवी

सोनोग्राफी केंद्रातल्या बाकड्यावर सासूबाईंना घेऊन बसले होते. शेजारी साठीच्या एक बाई. मांडीवर लिटरची बाटली, निम्म्याहून जास्त रिकामी. आतली मुलगी दार किलकिलं करून डोकावली आणि तिने विचारलं, "मावशी, ब्लॅडर फुल्ल झालं का?"

मावशी दचकल्या. "अगं बाई, ब्लॅडर तर मागच्याच वर्षी काढलं की!"

मुलगी आत गेली, कुणाशी तरी कुजबुजली, परत आली आणि या वेळी अख्ख्या बाकड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अहो, जोरात लागलीय का?" मावशींनी पदर तोंडाशी नेला. "मघापासून लागलीय. पण तू ब्लॅडरचं विचारत होतीस."

मावशींचं मागच्या वर्षी काढलं होतं ते पित्ताशय. खडे झाले होते. डॉक्टर 'गॉल ब्लॅडर' म्हणाले, घरी येईपर्यंत त्यातला 'गॉल' गळाला आणि ब्लॅडर उरलं. आमच्याकडे आता ब्लॅडर म्हटलं की बहुतेक घरांत तेच. 'नणंदेचं ब्लॅडर काढलं', 'साहेबांच्या ब्लॅडरमध्ये स्टोन निघाले', सगळं पित्ताशयाविषयी.

आरोग्यविषयक पुस्तिका मराठीत आणणं हा माझा वीस वर्षांचा पोटापाण्याचा धंदा. तुमच्या हातातल्या या पुस्तिकेचा मजकूर मूत्ररोगतज्ज्ञांचा आहे, मराठी माझं. काम स्वीकारताना वाटलं होतं की आठ दिवसांत संपेल. पहिल्या पानावर पहिल्याच ओळीत 'ब्लॅडर' आलं आणि तिथेच तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांचा हिशेब म्हणजे ही प्रस्तावना.

'ब्लॅडर' तसंच ठेवावं तर मावशींची गत. मग 'पिशवी' म्हणावं का? तर 'पिशवी' हा शब्द बायकांच्या बोलण्यात केव्हाच दिला गेला आहे, गर्भाशयाला. 'तिची पिशवी काढली' म्हटल्यावर कोणती पिशवी असं महाराष्ट्रात कुणी विचारत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचं प्रकरण 2019 मध्ये उजेडात आलं, राज्य सरकारने समिती नेमली, तेव्हा वर्तमानपत्रांनी 'गर्भाशय' छापलं खरं, पण त्या बायका बोलत होत्या ते पिशवीविषयीच. शिवाय या दोन पिशव्या एकमेकींना खेटून असतात, पुढे लघवीची, तिच्या मागे गर्भाची. बाळंतपणांनी आणि वजनं उचलून आधार सैल पडला की दोन्ही खाली उतरू शकतात, आणि दोन्हींसाठी आपल्याकडे एकच वाक्प्रयोग, 'अंग बाहेर येणं'. कुठलं अंग, ते तपासणाऱ्याने ओळखायचं.

राहिला 'मूत्राशय'. पाठ्यपुस्तकात पाठ केलेला, आकृतीला नाव देताना दोन गुण मिळवून देणारा, आणि त्यानंतर जन्मात तोंडातून न निघालेला शब्द. दवाखान्यात बसून 'डॉक्टर, माझ्या मूत्राशयात दुखतंय' असं म्हणणारा पेशंट मला अजून भेटायचा आहे. लोक 'ओटीपोटात' म्हणतात, 'खाली' म्हणतात, 'लघवीच्या जागी' म्हणतात. बोटाने दाखवतात. म्हणजे एक शब्द पित्ताशयाने पळवला, दुसरा गर्भाशयाने, तिसरा पुस्तकात अडकला, आणि ज्या अवयवाची आठवण आपल्याला दिवसातून सहा-आठ वेळा होते तो बिननावाचा राहिला.

तरीही 'मूत्राशय' या शब्दावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण त्याची घडण फार सुंदर आहे. आशय म्हणजे जिथे काही येऊन विसावतं ती जागा. जलाशयात पाणी विसावतं, गर्भाशयात गर्भ. लेखाचा 'आशय' म्हणतो तोही हाच शब्द: शब्दांच्या पोटात जे येऊन राहिलं आहे ते. सुश्रुताने शरीरात असे सात आशय मोजले आहेत, वाताचा, पित्ताचा, कफाचा, रक्ताचा, कच्च्या अन्नाचा, पक्व अन्नाचा आणि मूत्राचा; बायकांना आठवा, गर्भाचा. धरणाच्या भिंतीवर 'जलाशयाची पातळी' असा फलक आपण बिनदिक्कत वाचतो आणि मूत्राशय म्हटलं की नाक मुरडतो. शब्दाचा दुसरा भाग तोच आहे, नाक मुरडणं पहिल्यासाठी.

संस्कृतात या अवयवाचं खरं चालतं नाव मात्र बस्ति. सुश्रुतसंहितेत तिचं वर्णन दुध्या भोपळ्यासारखी, पातळ कातडीची, एकाच दाराची आणि खाली तोंड केलेली असं आहे. ती भरते कशी, यासाठी दिलेला दाखला मला अजून विसरता येत नाही. कोरा मातीचा घडा गळ्यापर्यंत पाण्यात बुडवून ठेवला तर तोंडातून थेंब न जाताही तो बाजूंनी पाझरून भरत जातो, तशी ही भरते. आज आपल्याला ठाऊक आहे की मूत्रपिंडांतून दोन नळ्या खाली येतात आणि थेंब थेंब आत सोडतात. पाझर चुकीचा ठरला. पण दाखला देणाऱ्याने घडा जवळून पाहिला होता, हे नक्की.

चरकाने शरीरातल्या 107 मर्मांपैकी तीन मुख्य मानली: हृदय, डोकं आणि बस्ति. पहिली दोन कुणालाही पटतील. तिसऱ्याला इतका मान का, हे ज्याच्या घरात म्हाताऱ्या माणसाची लघवी रात्री दोन वाजता तुंबली आहे त्याने सांगावं. मूतखड्यासाठी सुश्रुताने शस्त्रक्रियाही सांगितली, आणि तिच्याआधी राजाची परवानगी घ्यायला सांगितली. न करावी तर मरण ठरलेलं, करावी तर संशय, म्हणून आधी विचारून घे. आज ऑपरेशनआधी नातेवाइकांची जी सही घेतात, तिची ही पणजी.

आणि पंचकर्मातली 'बस्ती'? आयुर्वेदिक दवाखान्याच्या पाटीवर स्नेहन-स्वेदनाच्या खाली लिहिलेली? तो एनिमा. त्याला बस्ती म्हणतात कारण औषधी काढा किंवा तेल भरायला जनावराची बस्तीच वापरत. म्हाताऱ्या बैलाची, रेड्याची, हरणाची, डुकराची, बोकडाची, अशी यादीच चरकाने दिली आहे. ती नीट कमवायची, तिच्या तोंडाला नळी बांधायची आणि दाबायची. पिशवीचं नाव उपचाराला मिळालं. आता उपचार प्लॅस्टिकने होतो, नाव पिशवीचंच. हिंदी सिनेमातल्या 'बस्ती'शी याचा काही संबंध नाही. ती आपली वस्ती.

बोकडाचं नाव निघालं म्हणून सांगते. आमच्या गावी, सातारा जिल्ह्यात, जत्रेच्या दुसऱ्या दिवशी बोकडं पडायची आणि आम्हा पोरांचं लक्ष मटणाकडे नसायचं, फुग्याकडे असायचं. कापणारा काका हसत हसत तो बाजूला काढून द्यायचा. मुठीएवढा, ओलसर, बुळबुळीत. चुलीतली राख लावून तो दगडावर चोळायचा, चोळता चोळता चरबी सुटून पातळ व्हायचा. मग पपईच्या देठाची नळी तोंडात घालून फुंकायचा, दोऱ्याने बांधायचा, वळचणीला वाळत ठेवायचा. वाळला की कडक व्हायचा, आत दोन-चार ज्वारीचे दाणे टाकलेले असले की खुळखुळायचा. आजी ओरडायची, "मेल्यांनो, मुताचा फुगा तोंडात घालता!" पण तीही त्याला फुगाच म्हणायची, दुसरं काही नाही.

आजीला इंग्रजी येत नव्हतं. आलं असतं तर तिला मौज वाटली असती, कारण इंग्रजांचा 'ब्लॅडर' शब्दही फुंकण्यातूनच आला आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ फोड, बुडबुडा, फुगलेली वस्तू असा होता. 'फुंकणे' या अर्थाचं त्यांचं 'ब्लो' हे क्रियापद त्याच मुळाचं. आपला फुगा फुगण्यातून आला. दोन दूरदूरच्या भाषांतल्या लोकांनी कापलेलं जनावर पाहिलं, आतली पिशवी फुंकली, आणि जे केलं त्यावरून नाव ठेवलं.

फुंकायची वस्तू म्हणून युरोपात तिचे कितीतरी उपयोग झाले. रसायनशास्त्रज्ञ वायू भरून ठेवायला जनावरांची मूत्राशयं वापरत. मायकेल फॅरेडेने 1824 मध्ये हायड्रोजनसाठी रबराच्या दोन तुकड्यांचा फुगा चिकटवला, तो आजच्या वाढदिवसाच्या फुग्याचा पूर्वज. चित्रकार तैलरंग डुकराच्या मूत्राशयात बांधून ठेवत, टाचणीने भोक पाडून लागेल तेवढा रंग पिळत. 1841 मध्ये जॉन रँड या अमेरिकी चित्रकाराने कथलाची पिळायची नळी काढली आणि ती कटकट गेली.

आणि चेंडू. इंग्लंडमधल्या रग्बी गावी रिचर्ड लिंडन हा जोडे शिवणारा गृहस्थ शाळेतल्या मुलांसाठी चेंडू करत असे. आत डुकराचं मूत्राशय, वर चामडं. फुंकायचं तोंडाने, तेही ओलं असताना. ते काम त्याची बायको करी. ती फुफ्फुसाच्या आजाराने गेली, आणि रोगट जनावरांची मूत्राशयं फुंकून फुंकून गेली असं सांगतात. चार्ल्स गुडइयरने रबर टिकाऊ करण्याच्या कृतीचं पेटंट 1844 मध्ये घेतलेलं होतं. लिंडनने 1862 च्या सुमारास रबराची पिशवी केली आणि ती भरायला पंप. डुकराचं मूत्राशय गेलं. नाव मात्र रबराला चिकटून राहिलं, आणि आमच्या हायस्कूलच्या मैदानापर्यंत आलं.

माझ्या पिढीने ब्लॅडर हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो तिथेच. फुटबॉलच्या चामड्याला एक चीर, चिरेवर वादी ओवलेली. वादी सोडली की आतून गुलाबी-तांबडी रबरी पिशवी निघायची, तिला बोटभर लांबीची शेपटी. पी.टी.चे सर म्हणायचे, "ब्लॅडर गेलंय, घेऊन जा रे." ते घेऊन आम्ही सायकलवाल्याकडे. तो ते घमेल्यातल्या पाण्यात दाबायचा, बारीक बुडबुडे कुठून येतात ते बघायचा, तिथे शाईच्या पेन्सिलीने फुली करायचा. मग पुसून, कानशीने खरवडून, सोल्यूशन लावून, फुंकर मारून ठिगळ बसवायचा, आणि ते हातोडीच्या दांड्याने ठोकायचा. हवा भरली, शेपटी दुमडून सुतळीने आवळली, वादी ओढली की चेंडू तयार. जिथे वादीची गाठ असायची तिथे हेडर मारला तर कपाळावर छाप उठायचा. आताच्या चेंडूंना वादी नसते, पिन घालायचं बारीक भोक असतं. ब्लॅडर आतच मरतं, कुणाला दिसत नाही.

रक्तदाब मोजायच्या पट्ट्यातही आत रबरी पिशवी असते आणि कारागीर-डॉक्टर दोघंही तिला ब्लॅडरच म्हणतात. इटलीच्या रीव्हा-रॉचींनी 1896 मध्ये दंडाला बांधायचा पट्टा दाखवला तेव्हापासूनची ती. दंडाच्या घेराच्या निदान 80 टक्के तरी लांब हवी; दंड जाड आणि पिशवी आखूड असेल तर आकडा खोटा, वर चढलेला येतो. पुढच्या वेळी पट्टा बांधताना वेल्क्रो सुटत असेल तर मोठा पट्टा मागा.

एवढं फुग्याचं कौतुक झाल्यावर आता मला फुग्याशीच भांडायचं आहे. पहिल्या मसुद्यात मी मूत्राशयाला 'स्नायूंचा फुगा' म्हटलं होतं. डॉक्टरांनी लाल रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'चूक'. का, ते त्यांनी टेबलावरच्या एका हातमोज्यात फुंकर मारून दाखवलं. फुगा जितका भरावा तितका तो उलटा दाबतो. हवा सोडली की फुर्र करून निघते. मूत्राशय असं वागलं असतं तर आपलं जगणं अवघड झालं असतं. ते भरत जातं तसतसं सैल होत जातं. भिंतीतला स्नायू पसरतो, आतल्या अस्तराच्या घड्या उलगडतात, वरच्या थरातल्या छत्रीसारख्या पेशी ताणून चपट्या होतात, आणि आतला दाब जवळपास होता तेवढाच राहतो. मूत्रपिंडं मिनिटाला साधारण एक मिलिलिटर या हिशेबाने खाली सोडत असतात, दिवसाला दीडेक लिटर. दीडशे-दोनशे मिलिलिटरला पहिली कुणकुण लागते. चारशे ते सहाशे ही मोठ्या माणसाची सर्वसाधारण क्षमता. म्हणजे कुणकुण आणि निकड यांच्यामध्ये निसर्गाने काही तासांची सवलत ठेवली आहे, आणि ती सवलत देणं हेच या अवयवाचं काम. मूत्र तयार करायचं काम त्याचं नाहीच.

दाराला दोन कड्या आहेत. आतली आपल्या हुकमात नाही. बाहेरची आहे. तान्ह्या बाळात पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू परस्पर निर्णय घेतो: भरलं, सोडलं. दोन ते चार वर्षांच्या दरम्यान मेंदू त्या व्यवहारात शिरतो आणि 'आत्ता नाही' म्हणायला शिकतो. आया मोरीशी धरून 'शूऽऽ' करतात तो त्या शिक्षणाचा पहिला धडा. त्या 'आत्ता नाही'वर पुढे आपण अख्खं सामाजिक आयुष्य उभं करतो, आणि इथूनच गडबडीला सुरुवात होते.

त्याआधी दोन पिशव्या, ज्यांचा आपल्या पोटाशी संबंध नाही पण महाराष्ट्राशी आहे. पहिली माशाची. घोळ माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, ती मासा पाण्यात वर-खाली तरंगता ठेवते. घोळीच्या कुळातले मासे त्या पिशवीभोवतीचे स्नायू थरथरवून ढोलासारखा आवाजही काढतात. कोळी तिला बोत म्हणतात, कुणी भोत. वाळवलेल्या बोताला पूर्वेकडच्या देशांत सोन्याचा भाव आहे. बिअर आणि वाइन नितळ करायला लागणारा सरसही माशांच्या अशा पिशव्यांचाच. 2021 च्या ऑगस्टमध्ये पालघरजवळच्या मुरबे गावच्या एका मच्छिमाराच्या जाळ्यात 157 घोळ आल्या आणि त्या सुमारे 1 कोटी 33 लाखांना गेल्या. तो भाव मांसापेक्षा बोताचा. काही बातम्यांनी 'ब्लॅडर' लिहिलं. बंदरावर सरळ, दोन अक्षरी, पैसे देणारा शब्द असताना. हे भाषांतर करणारा माणूस कधी बंदरावर गेला नसावा.

दुसरी कासची. साताऱ्याहून पंचवीसेक किलोमीटरवरच्या त्या पठारावर पावसाळा सरताना निळ्या-जांभळ्या फुलांचा गालिचा पसरतो, ती सीतेची आसवं. नाजूक फूल, वर डोळ्यांत भरणारं, त्यामुळे आपण ते अश्रू पाहिले. युरोपी वनस्पतिशास्त्रज्ञांनी तेच कूळ मुळापासून उपटून पाहिलं. खाली ओल्या मातीत, मुळांसारख्या तंतूंवर, मिलिमीटरभर आकाराच्या पिशव्या असतात, आणि त्यांवरून त्यांनी कुळाला लॅटिनमध्ये 'यूट्रिक्युलॅरिया', म्हणजे छोट्या पखालींचं, असं नाव दिलं. इंग्रजीत त्याला ब्लॅडरवर्ट म्हणतात. ही झाडं मांसाहारी आहेत. पिशवीतलं पाणी बाहेर उपसून भिंती आत ओढून ठेवतात. दाराशी सूक्ष्म किडा टेकला की दार उघडतं आणि पाण्यासकट तो आत खेचला जातो. पाण्यात वाढणाऱ्या जातींमध्ये हे मोजलं गेलं आहे, एका मिलिसेकंदाहूनही कमी वेळ लागतो. रामायण एका टोकाला आणि पिशवी दुसऱ्या टोकाला, झाड तेच. कासला जाल तेव्हा उपटून बघू नका. मी सांगते आहे तेवढं पुरे.

आता गडबड. लघवी हा आपला शब्दच मुळी टाळाटाळीचा आहे: लघु, म्हणजे छोटी. कसली छोटी, ते सांगायचं नाही. लघुशंकेत तर शंकाच घातली. शाळेत करंगळी वर करायची, बाई 'जा' म्हणेपर्यंत ती तशीच धरून उभं राहायचं. 'एक नंबर', 'बाहेर जाऊन येते', 'फ्रेश होऊन येते'. भाषा इतकी वळणं घेते तेव्हा माणूसही घेतो. एसटीने लांब जायचं म्हणून सकाळपासून पाणी न पिणाऱ्या बाया माझ्या आईच्या पिढीत होत्या, माझ्या पिढीत आहेत, आणि भाची सांगते की त्यांच्या ऑफिसच्या फील्डवरच्या मुलींतही आहेत. कमी पाणी प्यायचं, मग आलेली धरून ठेवायची, मग 'उन्हाळी लागली' म्हणून धन्याचं पाणी प्यायचं. उन्हाळी हा शब्द मला आवडतो, त्यात ऊन आहे, जळजळ आहे. पण त्याने सगळा दोष ऋतूवर जातो. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंटिमीटर, पुरुषांचा 18 ते 20. जंतूंना वर चढायला बायकांत वाट आखूड. लघवी वेळेवर झाली की ते धुऊन जातात. अडवून धरली की त्यांना मुक्काम मिळतो. नाक्यावर बायकांसाठी मुतारी नसणं हे त्यामुळे सोयीगैरसोयीच्या पलीकडचं प्रकरण आहे. मुंबईत 2011 पासून 'राइट टू पी' नावाची चळवळ चालली तिने ती मागणी मोठ्या आवाजात केली, आणि नावातच तो शब्द घेतला म्हणून काही लोकांची पंचाईत झाली. मला ते नाव फार पटलं. मराठीत त्याचं भाषांतर करायला मात्र मी धजावले नाही.

पुरुषांची कथा उतारवयात सुरू होते. प्रोस्टेट वाढतं, दार चेपतं, पिशवी पूर्ण रिकामी होत नाही. माझे वडील रात्रीत पाच वेळा उठत आणि सकाळी विचारलं की 'झोप लागत नाही' म्हणत. दोन वर्षं झोपेच्या गोळ्या चालल्या. आमच्याकडे म्हण आहे, रोग हल्याला आणि इंजेक्शन पखालीला. इथे उलटं झालं होतं: रोग पखालीला होता. शेवटी लघवी तुंबली, नळी घालावी लागली. ती नळी आत टिकते कशी, तर तिच्या टोकाला चिमुकला फुगा असतो, तो आत गेल्यावर सिरिंजने दहाएक मिलिलिटर पाणी घालून फुगवतात. बाहेर कॉटच्या कडेला लघवी साठायची प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत फुगा, फुग्याला नळी, नळीला पुन्हा पिशवी. वडील त्या कॉटवर पडून म्हणाले, "आधी सांगायला हवं होतं, पण सांगायचं कसं?" इतिहासाचे मास्तर होते ते. शब्दांची त्यांना कधी वाण नव्हती.

म्हणून तीन आठवड्यांनंतर ठरलं ते असं. या पुस्तिकेत सगळीकडे 'लघवीची पिशवी' हाच शब्द आहे. लांब आहे, कबूल. पण ऐकणाऱ्याला कोणती पिशवी ते विचारावं लागत नाही, आणि सांगणाऱ्याला शाळेत जावं लागत नाही. छापण्याआधी मी हा मजकूर काही आशाताईंना वाचून दाखवला. त्यांतल्या एकीने विचारलं, "हे तर आम्ही बोलतोच. यात तुमचं काय?" याहून चांगली पावती मला मिळाली नसती. 'मूत्राशय' फक्त आकृतीखाली ठेवला आहे, रिपोर्टवर दिसला तर ओळखता यावा म्हणून. 'ब्लॅडर' जिथे आला आहे तिथे 'लघवीचं ब्लॅडर' किंवा 'पित्ताचं ब्लॅडर' असं पूर्ण लिहिलं आहे. तुम्हीही दवाखान्यात तसंच पूर्ण बोला. काही काढलं असेल तर कुठलं काढलं ते घरी येण्याआधी कागदावर लिहून घ्या.

शेवटच्या पानावर एक तक्ता आहे. किती वाजता पाणी प्यालात, किती वाजता लघवीला गेलात, मापात मोजून किती झाली, मध्ये गळली का, रात्री किती वेळा उठलात. घरातलं एक जुनं मापाचं भांडं त्यासाठी वेगळं काढा. तीन दिवस भरा, खाडाखोड झाली तरी चालेल, आणि डॉक्टरांकडे जाताना ते पान फाडून न्या. तोंडाने सांगायची लाज वाटली तर नुसतं पुढे सरकवा.